पहिल्यांदा कुणी पाठवलं

माझ्या दुकानाच्या पाटीवर चार कामं लिहिलेली आहेत. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, तातडीचे फोटो, लग्नपत्रिका. पाचवं काम पाटीवर नाही. आपण ते करतो आहोत हे मलाच फार उशिरा लक्षात आलं, आणि आलं तोवर ते पाटीवर लिहिण्यासारखं राहिलं नव्हतं.

आमचं गाव झरीच्या रस्त्याला लागून आहे. स्टँड म्हणजे एक निवारा, एक चहाची टपरी आणि टपरीला टेकून माझं पत्र्याचं दुकान. त्याआधी मी परभणीला टायपिंगच्या क्लासात शिकवायचो, मग एका कृषी केंद्रात होतो, आणि दोन्ही ठिकाणी निघताना मला कुणी थांबवून घेतल्याचं आठवत नाही. दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका म्हाताऱ्याच्या पेन्शनच्या अर्जाला त्याच्या म्हशीचा फोटो लावला. म्हशीचा विमा आणि म्हाताऱ्याची पेन्शन, दोन्ही एकाच दिवशी आली होती, त्यात माझा हात चुकला. अर्ज परत आला. शेरा होता, ‘फोटो अस्पष्ट.’ म्हातारा माझ्यापुढं बसून म्हणाला, “अस्पष्ट कामून? उजेड तर लय व्हता.” मी हसलो, तोही हसला, आणि दुसऱ्या अर्जाला त्याचाच फोटो लागला आहे ना हे मी तीनदा बघून घेतलं. अशा चुका करूनही लोक माझ्याकडं येत राहिले. दुसरं दुकान पिंगळीला होतं, हे त्याचं खरं कारण.

तर पाचवं काम.

हल्ली माणसाचे सगळे कागद मोबाइलमध्ये असतात. सातबारा कुणीतरी पाठवलेला असतो, दाखला कुणीतरी पाठवलेला असतो, आणि त्याचा कागद हवा असतो. आधी मी म्हणायचो, माझ्या नंबरवर पाठवा. मग दाखला यायचा नाही, नातवाच्या वाढदिवसाचे फोटो यायचे, भजनाचे व्हिडिओ यायचे, एकदा तर कुणाच्या तरी गळवाचा फोटो आला. शेवटी परभणीच्या एका दुकानदाराकडून मी युक्ती शिकलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन येतो, मोबाइल त्याच्यासमोर धरला की त्या मोबाइलमधले सगळे निरोप कॉम्प्युटरवर उघडतात. मग हवा तो कागद मी शोधायचा, छापायचा. काम दोन मिनिटांत. गावात त्याला नावच पडलं. माणूस दुकानात पाय ठेवता ठेवता मोबाइल वर करायचा. “काका, चौकोन दाखवा.”

काम झाल्यावर ते बंद करायचं असतं. मी करत नव्हतो. सुरुवातीला विसरायचो, पुढं मुद्दामच ठेवायला लागलो, कारण सोय फार होती. प्रत्येकाची खिडकी वेगळी, तिला त्याचं नाव दिलेलं. आठवड्यानं तोच माणूस यायचा, “काका, मोबाइल घरी ऱ्हायला, तेवढी पावती काढा की.” मी काढून द्यायचो. लोक खूश. रानातून फोन यायचा, “मला एक कागद आलाय बघा, काय लिवलंय?” मी वाचून दाखवायचो. हळूहळू निम्म्या गावाचे निरोप दोन ठिकाणी यायला लागले. त्यांच्या खिशात आणि माझ्या पडद्यावर.

मी स्वतःला नियम घालून घेतला होता. फक्त कागद बघायचे, बोलणं वाचायचं नाही. हा नियम मी सोमवारी केला आणि गुरुवारपर्यंत पाळला.

पहिली फजिती सांगतो. एका शेतकऱ्याची सून गरोदर आहे हे तिनं फक्त तिच्या आईला कळवलं होतं. मला ते दुपारच्या चहाच्या आधी कळलं. संध्याकाळी तिचा नवरा भेटला तर माझ्या तोंडून गेलं, “काय मग, पेढे कधी?” तो बघतच राहिला. त्याला अजून माहीतच नव्हतं. मी सावरून घेतलं, “तुझ्या तोंडावर तेज दिसलं गड्या.” चार दिवसांनी घरात कळल्यावर त्यानं गावभर सांगितलं की मला माणसाच्या तोंडावरचं वाचता येतं. दोघंजण तर हात दाखवायला आले. मी त्यांचे हातही बघितले. बायको घरी म्हणाली, “तुमाला सोताच्या शर्टाचं उलटं-सुलटं कळत न्हाई, आन् लोकाचं तोंड वाचायलाव.” तिला खरं काय ते कळलं होतं का, हे मी विचारलं नाही.

त्याच सुमारास टपरीवरच्या पेपरात बातमी होती. निरोपांच्या त्या ॲपच्या कंपन्या म्हणतात, आमच्याकडचे निरोप कुलपात जातात, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच उघडता येत नाहीत, आम्हालाही नाही. सरकार म्हणतं, ते असू दे, पण गुन्ह्याची गोष्ट असली तर निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला एवढं तरी आम्हाला सांगता आलं पाहिजे. टपरीवर बाकड्यावर आम्ही चौघं होतो. त्यात आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन होता, आणि शाळेत माझ्या वर्गात असलेला एक शेतकरी. या शेतकऱ्याला मी इथं थोरला म्हणतो, कारण पुढं त्याचा धाकटा भाऊ आणि त्या भावाची बायको येणार आहे.

मी मोठ्या आवाजात म्हणालो, “बरोबर हाय सरकारचं. सरळ माणसाला कशाची भीती?”

पोस्टमन बशीतला चहा फुंकत म्हणाला, “मी तीस वर्ष टपाल वाटलं. कार्ड वाचायचो, ते उघडंच असतं. पाकीट कंदी उघडलं न्हाई.”

“चोराचं असलं तरी?”

“चोराचं कोणतं आन् सासुरवाशिणीचं कोणतं, वरून कसं कळावं? उघडायचं तर समदीच उघडावी लागत्यात.”

तो बरोबर बोलतो आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण बाकड्यावर ऐकणारी माणसं होती, आणि मला ऐकणारी माणसं मिळाली की माझं काय होतं ते बायकोला विचारा. मी म्हणालो, “सरकारला कंपन्यांच्या हातापाया पडावं लागायलंय. मला न्हाई लागत. आपल्या गावातलं माझ्याकडं समदं उघडतं. अंगणवाडीच्या बाईंपासून सरपंचापर्यंत.”

सगळे हसले. थोरलाही हसला. मी माझ्याच विनोदावर खूश होऊन सगळ्यांना दुसरा चहा सांगितला.

थोरल्याचा धाकटा भाऊ दर साल ऊसतोडीला जातो. बायकोला घेऊन जातो, कारण तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाला कोयता लागतो, सुटा माणूस चालत नाही. या धाकट्याच्या बायकोला मी धाकटी म्हणतो. बोलणं कमी, काम फार, अशी बाई. मला भाऊजी म्हणायची. तिला दोन मुली. मोठी त्या वर्षी दहावी झाली, ल्हानी सहावीत. दसऱ्याच्या आधी थोरल्यानं मोठीचं लग्न ठरवलं. मुलगाही तोडीला जाणारा. दिवाळीनंतर गाड्या भरायच्या आत लग्न उरकलं की नवा कोयता तयार होतो, आणि वयात आलेल्या पोरीला मागं ठेवायची काळजी मिटते, असा सगळा हिशोब. थोरल्यानं शब्द दिला होता आणि त्याचा शब्द हीच त्या घराची इज्जत.

पत्रिका माझ्याकडं छापल्या. ‘चि. सौ. कां.’ मीच टाइप केलं. त्या पोरीचा दहावीच्या परीक्षेचा अर्जही मीच भरला होता, जन्मतारीख माझ्या याच बोटांनी टाकली होती. सोळा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. पत्रिकेवर वय लिहायचं नसतं, त्यामुळं मला ते आठवलं नाही, असं मी बरेच दिवस म्हणत असे.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी जीप आली. त्यात महिला अधिकारी, एक पोलीस, ग्रामसेवक. शांतपणे बोलले, कुणाला ओरडले नाहीत. लग्न थांबलं. मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र लिहून द्यायचं ठरलं आणि ते टाइप करायला सगळे माझ्याच दुकानात. मी घाईत ‘मुलीचे’च्या जागी ‘मुलाचे’ टाइप केलं. महिला अधिकारी म्हणाल्या, “मुलाचं लग्न थांबवायला नाही आलो आम्ही.” मी दुरुस्त केलं. पुन्हा कुणी असं काही करत असेल तर कळवायचा नंबर खाली टाकायला त्यांनी सांगितलं, तोही टाकला. धाकट्यानं सही केली. थोरल्यानं साक्षीदार म्हणून सही केली, पेन इतकं दाबून की कागद फाटला, आणि मला दुसरी प्रत काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला एकटा आला.

“शटर जरा खाली घे.”

“दुपारी शटर पाडलं तर लोक म्हणतील मेला मनून.”

तो हसला नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. “त्या दिवशी म्हणलास, बाईंचं उघडतं तुझ्याकडं.”

“कोणत्या बाईंचं?” मला माहीत होतं कोणत्या.

“अंगणवाडीच्या. जीप तिनंच बोलावली, ते म्हाईतच हाय. ते तिचं कामच हाय, तिच्यावर माझा राग न्हाई. पण तिला आमच्या घरातलं कुणी सांगितलं? पत्रिका तर नात्यातल्यांशिवाय कुणाला दिल्या बी नव्हत्या. घरातले समदे मोबाइल बघितले, कशातच काय न्हाई. पहिल्यांदा कुणी पाठवलं, एवढंच सांग. बाकी एक अक्षर वाचू नको. मला बी वाचायचं न्हाई.”

एवढंच. पेपरातही हेच होतं.

मी काय काय बोललो ते सांगतो. आधी म्हणालो, लाइट नाही. पंखा आमच्या डोक्यावर फिरत होता. मग म्हणालो, बाईंचं बंद झालंय. त्यानं पडद्याकडं बोट केलं, खाली खिडक्यांची रांग होती, त्यातल्या एकीवर मीच लिहिलं होतं, ‘अंगणवाडी’. बाई पोषण आहाराच्या याद्या छापायला यायच्या. मग मी स्वतःला समजावलं की बाहेरचा कुणीतरी निघेल, एखादा हितशत्रू, आणि घरातल्या सगळ्यांवरचा संशय जाईल. निर्दोष माणसांसाठीच उघडतो आहे, असं वाटून घेतलं. थोरला माझा वर्गमित्र. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि समोर नसलेल्या माणसाचा मला चटकन विसर पडतो. माझी अर्धी लोकप्रियता याच्यावरच उभी आहे.

मी उघडलं. त्या आठवड्यातले निरोप एकेक बघत गेल्यावर एकात मी छापलेल्या पत्रिकेचा फोटो दिसला. वर फक्त एक नंबर होता, नाव नव्हतं; बाईंनी मुद्दाम नाव टाकलं नसावं. फोटोखाली आवाजाचा निरोप होता. त्याखाली बाईंचं उत्तर, ‘नाव येणार नाही. निश्चिंत राहा.’

इथं थांबता आलं असतं. नंबर कुणाचा ते थोरल्याला पाठ नव्हतं, पडद्यावरचं बारीक अक्षर त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. खिडकी बंद करून ‘काही सापडत नाही’ म्हणायला मला फक्त बोट हलवायचं होतं. बोट हलवलं, पण आवाजाच्या निरोपावर. का, ते मला आजही सांगता येत नाही. मलाही ऐकायचं होतं, एवढंच खरं उत्तर असावं.

दुकानात मोठे स्पीकर होते, फोटो काढायला आलेल्या पोरांसाठी गाणी लावायला म्हणून घेतलेले. त्यातून धाकटीचा आवाज आला. जवळ तोंड धरून, दबून बोलत होती. मागं कोंबडी ओरडत होती.

“बाई, मी बोलायले. पत्रिकेचा फोटू टाकलाय. पोरगी सोळाची हाय. माझ्यानं घरात बोलणं व्हत न्हाई, बोलले तर कुणी ऐकत न्हाई. तुमी काय करायचं ते करा. पण माझं नाव कुठं येऊ देऊ नका. लय हात जोडते तुमाला.”

निरोप संपला. पंखा फिरत होता. तिनं तिच्या मोबाइलमधून ते सगळं पुसून टाकलं होतं, म्हणून घरात काही सापडलं नव्हतं. कोपऱ्यात बसून, कुणालाही न विचारता ते पुसायला शिकली असणार. तिनं तिच्या बाजूचं सगळं नीट केलं होतं.

थोरला उठला. मी काय म्हणालो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, “माझं नाव घेऊ नको.”

“तुझं कामून घेऊ? तू आपला माणूस.”

आणि त्यानं शब्द पाळला. कुठंही माझं नाव घेतलं नाही.

त्यांच्या घरात काय झालं ते मी बघितलं नाही. तिचा मोबाइल काढून घेतला, आणि ‘त्या बाईनंच तुझं नाव सांगितलं’ असं तिला सांगितलं, एवढं नंतर कळलं. तिला ते पटणारच होतं. बोलणाऱ्या दोघीच. हिनं सांगितलं नाही म्हटल्यावर तिनंच सांगितलं. मध्ये एक तिसरा पत्र्याच्या दुकानात बसून आहे हे तिच्या मनात कशाला येईल?

दिवाळी होताच तोडीच्या गाड्या निघाल्या. ल्हानीला शाळेसाठी थोरल्याकडं ठेवलं, मोठीला बरोबर घेतलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोड्यांवर धाकटी आणि मोठी शेजारी बसल्या होत्या. अंगणवाडीच्या दारात बाई उभ्या होत्या. ट्रॉली समोरून गेली तेव्हा त्यांनी हात वर केला. धाकटीनं मान फिरवली, ती थेट माझ्या दुकानाकडं. मला बघून तिनं ओळखीची मान हलवली. मी हात केला. तो हात मी अजून खाली आणलेला नाही असं कधीकधी वाटतं.

आठवड्यानं बाई दुकानात आल्या. चांगल्या शिकलेल्या, नीट बोलणाऱ्या. “दादा, माझा मोबाइल जरा बघता का? एका बाईनं मला विश्वासानं काही सांगितलं होतं, ते बाहेर फुटलं. मी कुणाला बोलले नाही. मोबाइल घरातही कुणाच्या हातात देत नाही. मग कुठून गेलं असेल?”

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. त्यात एकच यंत्र होतं, माझं. बाईंच्या डोळ्यांदेखत मी ते काढून टाकलं. दोन-तीनदा बोट टेकवायचं काम, चहा थंड व्हायच्या आत होतं.

“व्हायरस होता का?”

“तसंच काहीतरी,” मी म्हणालो. “आता साफ केला.”

त्यांनी माझे आभार मानले. वर म्हणाल्या, “कोण ते आता गावाला माहीतच आहे. ती परत आली आणि तुमच्याकडं आली तर एवढं सांगा, मी कुणाला बोलले नाही.” मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच काही लागत नाही.

त्याच दिवशी मी सगळ्यांच्या खिडक्या बंद केल्या. लोकांना सांगितलं, कॉम्प्युटर बिघडला होता, पुसून काढला. लोक माझ्यावर वैतागले. “आता परत मोबाइल घिऊन यायचा व्हय?” “पिंगळीवाला ठिवतो म्हणत्यात.” एकानं तर तोंडावर सांगितलं, पूर्वी लय चांगली सोय होती, तुमी बिघडवली. मी स्पीकरची वायर काढून ठेवली. गाणी बंद झाली, फोटो काढायला येणारी पोरं कमी झाली.

पण टपरीवर कुणीतरी मोबाइल कानाशी न धरता निरोप लावतोच. कुणाची तरी बहीण, कुणाची तरी आई, दूरवरून दबक्या आवाजात बोलते, मागं भांडं पडतं, कोंबडी ओरडते. माझ्या हातातला कप तिथंच थांबतो. आणि अर्ज भरायला बसलो की पहिला रकाना असतो ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी कुणालातरी विचारतो, “नाव?” आणि दर वेळी तिचं ते ‘माझं नाव कुठं येऊ देऊ नका’ आधी ऐकू येतं, समोरच्याचं नाव नंतर. दोनदा लोकांनी नाव सांगितलं आणि मी म्हणालो, “न्हाई येणार.” ते माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, अर्ज, अर्ज येणार नाही म्हणतो, नेट स्लो आहे.

मुकादमाचा नंबर माझ्याकडं होता. त्याला लावला असता तर तो धाकटीला फोन देऊ शकला असता. मी दोनदा नंबर काढला. एकदा तो व्यस्त लागला आणि मला इतकं बरं वाटलं की मी चार दिवस परत लावला नाही. पाचव्या दिवशीही लावला नाही.

उन्हं तापल्यावर गाड्या परतल्या. एका दुपारी धाकटी दुकानात आली. बरोबर मोठी. पोरीच्या गळ्यात काळे मणी, हातात हिरव्या बांगड्या, आणि अंगावर साडी, तिला अजून चालताना ती वर उचलावी लागत होती. धाकटीनं पोरीचं आधार कार्ड काउंटरवर ठेवलं.

“भाऊजी, हिचं नाव बदलायचंय. नवऱ्याचं लावायचंय.”

“कधी झालं?”

“तिकडंच उरकलं. फडावर. चार माणसांत.” ती कार्डाकडं बघून बोलत होती. “थोरले आलते तिकडं. शब्द दिलता म्हणले.”

मी कार्ड हातात घेतलं. तारीख बघायची गरज नव्हती. “अठरा न्हाईत. कंपूटर असा अर्ज घेणार न्हाई.”

“कंपूटरला कळतं व्हय?” ती म्हणाली. “मग बरं.”

मला काही सुचेना. आणि काही सुचत नसलं की मी नेमकं तेच विचारतो जे विचारू नये. म्हणालो, “मग बाईंना कामून कळवलं न्हाई?”

“त्यांचं नाव काढू नका.” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “एकदा कळवलं व्हतं. इस्वासानं. माझंच नाव फोडलं त्यांनी. तिकडं लग्नाच्या दिवशी मोबाइल व्हता भाऊजी, ह्यांचा, खाटंवर पडलेला. नंबर बी पाठ हाय. घेतला हातात आन् ठिवला. कुणाला लावू? ज्याला लावावं तोच घरात सांगल.” मग मोठीकडं बघून, “आता ल्हानीचं काय व्हतंय. दोन-तीन सालानं तिचं बी काढतील.”

मोठी काउंटरवरच्या स्टेपलरशी खेळत होती. अजून शाळेतली पोर जशी खेळेल तशी.

मी म्हणालो, “बाईंनी न्हाई सांगितलं.”

“मग?”

“माझ्याकडं उघडायचं बाईंचं. ह्या कंपूटरवर. थोरल्यानं विचारलं, मी लावून दाखवलं. तुमचा आवाज. इथंच.”

मी हे एका दमात म्हणालो. माझ्या आयुष्यात मी एवढं थोडक्यात कधीच बोललो नव्हतो. पुढं काहीतरी जोडावं, माफीचं, असं वाटत होतं. पण मी तोंड उघडलं की त्यातून एखादा विनोद निघेल, अशी मला भीती वाटली.

स्टेपलर थांबला. पोरीनं हात पुढं करून माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं. ओढून नव्हे, हळूच, आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

धाकटी कॉम्प्युटरकडं वळली. मग विचारलं, “बाईंचं अजून उघडतं का इथं?”

“न्हाई. बंद केलं. समद्यांचंच बंद केलं.”

“कसं कळावं?”

मी पडदा तिच्याकडं फिरवला. “बघा, काय न्हाई.”

“मला काय कळायलंय त्यातलं?” ती म्हणाली. “बंद केलं, असं तुमी म्हणता.”

ती पोरीचा हात धरून निघून गेली. हमीपत्राच्या तळाशी मीच टाइप केलेला तो नंबर माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो लावून झालेल्या लग्नाचं कळवणं माझ्याही हातात होतं. तिची परवानगी न घेता तिच्याबद्दल पुन्हा काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं. ते शहाणपण होतं की नेहमीचा भित्रेपणा, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

थोरल्याला दोन दिवसांत कळलं. टपरीवर तो माझ्या शेजारी बसला नाही, उभ्यानंच बोलला. “मी तुझं नाव घेतलं न्हाई. तू सोताच घेतलंस. येडा हायस का?” मग पेपर उचलून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. आता तो कागदांच्या कामाला पिंगळीच्या दुकानात जातो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी सकाळी दुकानाला निघालो होतो. सार्वजनिक नळापाशी धाकटी उभी होती, घागर भरून बाजूला ठेवलेली. तिच्यासमोर अंगणवाडीच्या बाई. दोघींच्याही हातात मोबाइल नव्हता. बाईंच्या हातात हजेरीचं रजिस्टर होतं आणि त्या धाकटीच्या अगदी जवळ वाकून, हळू काहीतरी सांगत होत्या. धाकटी मान हलवत होती, मध्येच काहीतरी विचारत होती. घागर भरून झाली होती, तरी ती निघत नव्हती. ल्हानी कट्ट्यावर बसून पाय हलवत होती.

मला इतकं बरं वाटलं की माझी चाल वाढली. काहीतरी बोलावं, निदान रामराम करावं म्हणून मी नळाकडं वळलो.

मला बघितलं आणि दोघी गप्प झाल्या. बाईंनी रजिस्टर छातीशी धरलं. धाकटीनं घागर डोक्यावर घेतली, पण निघाली नाही. मी पुढं जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडं न बघता. मी दहा-बारा पावलं गेल्यावर मागं पुन्हा बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. मी कान तिकडं लावला होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी जवळजवळ पळतच दुकानात आलो.

आता मी सकाळी नळाचा रस्ता सोडून, शाळेला वळसा घालून दुकानाला येतो. लांब पडतं, उन्हात घाम निघतो, आणि लोक विचारतात, “इकडून कुठं?” मी म्हणतो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.